चुलीला वारा किती द्यायचा?

भाकरी झाल्या का? नसतील झाल्या तर रेडिओ चुलीजवळच असू द्या. आज चुलीबद्दलच बोलायचं आहे, आणि ऐकता ऐकता कुणी करून बघितलं तर मला आनंदच आहे.

काही जणी म्हणतील, काकू, आता घरोघरी गॅस आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, टाक्या मिळाल्या, आता चुलीचं काय घेऊन बसलात? अहो, माझ्याही घरी टाकी आहे. चहा, पोहे, शाळेचा डबा गॅसवर होतो. पण अंघोळीचं पाणी, भाकरी, पाहुणे आले की मोठं पातेलं, हे सगळं चुलीवरच. आणि टाकी संपली, हातात पैसे नाहीत, तर सगळाच स्वयंपाक चुलीवर. मग ती चूल आपल्याला नीट चालवता यायला नको का?

परवा एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक सून उठली आणि म्हणाली, "काकू, धुरांडं बसवलं, चूल रोज सारवते, सरपण वाळलेलं आहे, तरी डोळ्यांतून पाणी येतंच. फुंकून फुंकून छाती दुखते." मी बैठक झाल्यावर तिच्या घरी गेले. चूल चांगली होती. पण चुलीच्या तोंडात पाच लाकडं ठासून भरली होती आणि तळाला चार दिवसांची राख साचली होती. वारा आत जायला बोटभर जागा नाही. म्हणजे आपणच चुलीचं नाक दाबायचं आणि वर म्हणायचं, ही जळत का नाही!

चुलीला सरपण लागतं हे आपल्याला माहीत आहे, कारण ते आपण डोक्यावरून आणतो. वारा फुकट मिळतो म्हणून त्याचा हिशेब कुणी करत नाही. एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला पाच-सहा किलो हवा लागते. हो, हवेलाही वजन असतं. एवढी हवा चुलीत कुठून जाते, कधी जाते, कुठून बाहेर पडते, हे कळलं की चूल ताब्यात आली.

एक गंमत करून बघा. मेणबत्ती लावा. चांगली जळू द्या आणि हलकेच फुंकर मारून विझवा. वातीतून धुराची पांढरी रेघ वर जाईल. ती रेघ असतानाच पेटती काडी त्या धुराला लावा, वातीला नाही, धुराला. जाळ त्या धुरावरून उडी मारून खाली वातीवर येईल. मी गटात हे करून दाखवते तेव्हा बाया एकदम "अगं बाई!" म्हणतात. म्हणजे धूर म्हणजे काय? धूर म्हणजे न जळलेलं सरपण. लाकूड तापलं की त्याचा पाऊण हिस्सा वायू होऊन बाहेर पडतो. तो वायू पेटला की आपल्याला जाळ दिसतो. पेटला नाही की तोच धूर होऊन आपल्या डोळ्यांत, छातीत आणि छपरावर जातो. तीन मैल चालून आणलेली मोळी, आणि त्यातली निम्मी आपण छपराला काजळी म्हणून चोपडतो.

आता माझी गोष्ट सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला एकच ठाऊक होतं, जाळ कमी झाला की लाकूड घालायचं. घातलं की आणखी धूर. मग फुंकणी घ्यायची, गाल फुगवायचे, डोळे लाल. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून बघत असायच्या. त्यांची स्वतःची फुंकणी कोनाड्यात पडून असायची, तिच्यावर कोळ्याचं जाळं. एक दिवस त्या म्हणाल्या, "जळंना तर घालू नगं, काढ." मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. त्यांनी पाचातली दोन लाकडं बाहेर ओढली, उरलेल्या तिघांची टोकं मधोमध आणली, काटकीनं राख पुढं ओढली. अर्ध्या मिनिटात भपकन जाळ झाला. फुंकर एकसुद्धा मारली नाही.

त्यांना हवेचा हिशेब कुणी शिकवला नव्हता, पण हातात होता. लाकडं एकमेकांना चिकटून आडवी पडली की मधून वारा जात नाही, म्हणून त्या दोन लाकडांत बोटभर फट ठेवायच्या. अगदीच फार लांब ठेवली तर एकाची धग दुसऱ्याला मिळत नाही आणि दोन्ही धुपतात. टोकं जवळ आणि बुंधे लांब, पंख्याच्या काड्यांसारखी. आणि चुलीच्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग उघडा. मंडळी म्हणायची म्हातारीला सरपण कमी लागतं, हात कंजूष आहे. कंजूष नव्हता, शहाणा होता.

आणि त्यांचं दुसरं एक बघा. आमटीला उकळी आली, आता मंद आच पाहिजे, तर काय करायचं? मी चुलीच्या तोंडाशी फुटकं कौल लावायचे, म्हणजे वारा कमी, जाळ कमी. आत्याबाई कौल काढून टाकायच्या आणि लाकूड मागं ओढायच्या. जळकं टोक राखेत दाबून विझवायच्या. जाळ कमी करायचा तर सरपण कमी करायचं, वारा नाही. ही एवढी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसायला पुढं पंधरा वर्षं गेली, आणि बसली ती फार वाईट रीतीनं बसली. ते सांगतेच.

पुढं मी एका प्रशिक्षणाला गेले आणि सुधारित चुली बांधायला शिकले. आपल्या महाराष्ट्रात हे काम जुनं आहे, बरं का. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथं गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला, तिथली मगन चूल प्रसिद्ध होती. मग १९८० नंतर सरकारचा निर्धूर चुलींचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तुमच्यातल्या वयस्कर बायांना त्या चुली आठवत असतील. त्यातल्या कितीतरी चुली वर्षा-दोन वर्षांत पडल्या. धुरांडं काजळीनं तुंबलं, साफ कसं करायचं हे कुणी दाखवलं नाही. काही चुलींना वारा कमी-जास्त करायला एक सरकती पत्र्याची पट्टी होती. आमच्या वाडीत एकीनं ती खुराड्याला झाकण म्हणून लावली होती. मी तिला हसले. पण खरं सांगू का, ती पट्टी मला कळली होती असं मला वाटत होतं, तिचं निदान कोंबड्या राखायचं काम तरी झालं.

मला काय वाटायचं, की पट्टी बंद केली की लाकूड पुरतं. आणि पुरतं हो! रात्री दोन ओंडके घालून वारा बंद केला की सकाळपर्यंत विस्तव राहतो. मी गटात सगळ्यांना हेच सांगत फिरले.

मग थोरली लेक बाळंतपणाला आली. पौष महिना, आमच्याकडं माळावर थंडी काय असते तुम्हाला माहीत आहे. बाळ पाच दिवसांचं. आपल्याकडची रीत, बाजेखाली शेगडी. वारं लागू नये म्हणून मी खिडकीत गोणपाट कोंबलं, दाराच्या खालच्या फटीला जुनं लुगडं लावलं. शेगडीत चुलीतले निखारे भरले, वर दोन जाड ढलप्या ठेवल्या आणि रात्रभर पुरावं म्हणून खालचं वाऱ्याचं दार लावून टाकलं. वरून राख पसरली. धूर अजिबात नाही. मी मनात म्हटलं, बघा, किती छान जमलं.

रात्री तीनच्या सुमाराला लेक म्हणाली, "आई, डोकं फुटतंय." मळमळत होतं, उलटी झाली. मला वाटलं पित्त असेल. मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. माझंही डोकं जड झालं होतं, पण जागरण म्हणून सोडून दिलं. बाळ पाजायला घेतलं तर ते तोंडच हलवेना. मान टाकलेली. रडेनासुद्धा. त्या वेळी आत्याबाई लघवीला जायला उठल्या आणि दार उघडलं. गार वारा आत आला. माझं डोकं जरा हलकं झालं तेव्हा कुठं मला उठून ओरडायचं सुचलं. शेजारच्या पोराची जीप होती. तिघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लेकीला आणि बाळाला प्राणवायू लावला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" 

दोघंही वाचली. ते बाळ आता पाचवीत आहे आणि मला उलट बोलतं. पण त्या रात्री मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते तेव्हा मनात एकच होतं, की चूल शिकवणारी बाई मी, आणि हे मी माझ्या हातानं केलं.

काय झालं होतं ते नीट ऐका. लाकूड असो, कोळसा असो, गोवरी असो, त्याला पुरेसा वारा मिळाला तर जळून जो वायू होतो तो फारसा त्रास देत नाही. वारा कमी पडला की दुसराच वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायू रक्तात बसून अंगभर जातो. हा वायू काय करतो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा आधी जाऊन रक्तातली जागा धरतो. मग प्राणवायू नुसता उभा राहतो, त्याला बसायला जागाच नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. राखेखालचे लालबुंद निखारे बिनधुराचेच असतात आणि हा वायू तेच सोडतात.

म्हणून हात जोडून सांगते, माणसं झोपलेली असताना बंद खोलीत शेगडी ठेवू नका. बाळंतीण असो, म्हातारी असो, थंडी कितीही असो. वावडिंग-ओव्याची धुरीही कोंडलेल्या खोलीत बाळाजवळ नको. ऊब द्यायची आहे तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा, डोक्याला टोपडं, दोघांवरून मिळून पांघरूण, बाळाचं नाक-तोंड उघडं. दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांना असंच ठेवतात. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर वाळूची पुरचुंडी बाहेर चुलीवर तापवा, हाताला लावून बघा आणि मग आत न्या. विस्तव बाहेर, ऊब आत. आणि एका खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर अंगणात आल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त नाही. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा की खोलीत विस्तव होता.

हे एका रात्रीचं झालं. रोजच्या धुराचं वेगळंच आहे. तो एकदम मारत नाही म्हणून आपण त्याला घरचाच समजतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या अशा धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. आत्याबाईंना विडी माहीत नव्हती, तंबाखू नव्हती, तरी शेवटची सहा वर्षं त्यांना दमा होता. चूल चांगली चालवायच्या त्या, पण त्यांच्या आधीच्या चुली, माहेरच्या, मजुरीला गेल्यावर तीन दगडांच्या, त्या सगळ्यांचा धूर त्यांच्याच छातीत होता.

आता कामाचं बोलू. तुमच्या चुलीत आत्ता जाळ असेल तर वाका आणि बघा. जाळ पिवळा-तांबडा, लांबलचक, आळसटलेला, टोकाला काळा धूर सोडणारा असेल तर वारा कमी पडतोय. भांड्याच्या बुडाला बोटानं काजळी निघते तेही त्याचंच लक्षण. अशा वेळी फुंकायच्या आधी एक लाकूड काढा आणि राख ओढा. फुंकणीनं आपण वाराच देतो, पण श्वास आत घेताना तोंड चुलीपाशीच असतं, म्हणून दोन फुंकरांमागं एक छातीभर धूर आपण घेतो. उलट जाळ भरभरून घोंगावतोय, ठिणग्या उडतायत, भांड्याखाली न थांबता वैलाकडं किंवा धुरांड्यात पळतोय, तर वारा जास्त आहे. सरपण भराभर संपतं आणि पाणी तापत नाही. चांगला जाळ स्वच्छ पिवळा, आखूड, भांड्याच्या बुडाखाली खेळणारा.

राखेचं म्हणाल तर तळाला पातळ थर असू द्या, धग राहते. पण रोज सकाळी बाकीची काढा. शक्य असेल तर चुलीत दोन-तीन इंच उंचीवर लोखंडी जाळी टाका. गावातला वेल्डिंगवाला जुन्या सळयांची करून देतो. लाकूड जाळीवर राहतं, खालून वारा वर येतो, निखारे खाली पडून तेही जळतात. एका जाळीनं जेवढा फरक पडतो तेवढा दहा वेळा सारवून पडत नाही. फक्त जाळीखालची जागा राखेनं भरू देऊ नका, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी.

भांडं आणि चूल यांच्यातली फटही वाऱ्याचीच वाट आहे. आत आलेला वारा कुठून तरी बाहेर गेला पाहिजे. थानं फार बुटकी झाली की भांडं चुलीवर घट्ट बसतं, जाळाला वर वाट मिळत नाही आणि तो तोंडातून आपल्या अंगावर येतो. फार उंच केली तर अर्धी धग बाजूनं उडून जाते. साधारण एक बोट जाडीची फट ठेवा. धुरांड्याच्या चुलीचं उलटं आहे, तिथं भांडं नीट टेकून बसलं पाहिजे, कारण वाट धुरांड्यातून आहे. हे दोन्ही प्रकार बाया एकमेकींच्या चुली बघून मिसळतात आणि मग घोटाळा होतो.

धुरांडं असलेल्या बायांनी थंडीत सकाळी एक करा. गार धुरांडं वर ओढत नाही, आतली गार हवा खाली येते आणि पहिला धूर घरभर होतो. म्हणून आधी धुरांड्याच्या बुडाशी मूठभर वाळलं पाचट किंवा कागद पेटवा, नळी तापू द्या, मग चूल पेटवा. नळी दर पंधरा दिवसांनी काठीला गोणपाट बांधून साफ करा. नळीचं टोक छपरापेक्षा दोन-तीन फूट उंच असू द्या. सरकती पट्टी असेल तर पेटवताना पूर्ण उघडी. जाळ धरला आणि तो फारच पळायला लागला तर अर्ध्यापर्यंत आणा. पूर्ण बंद कधीच नाही, आत एक निखारा असेपर्यंत नाही. माझ्याकडून पूर्वी ज्या बाया उलटं शिकल्या असतील, त्यांनी हे ऐकावं.

सरपणाप्रमाणे हातही बदलावा लागतो. पळाट्या आणि तुराट्या झरझर जळतात, थोड्या थोड्या घाला. बाभळीचं लाकूड दोन बोटं जाड फोडून घ्या, अख्ख्या ओंडक्याला वारा बाहेरून चाटतो, आतपर्यंत जात नाही. गोवऱ्या एकावर एक आडव्या रचू नका, एकमेकींना टेकवून उभ्या ठेवा, मधून वारा खेळतो. ओल्या लाकडाला कितीही वारा द्या, आधी त्याच्यातलं पाणीच वाळतं, जाळ नाही. आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालता ना, ते आजपासून बंद. मी नावं घेत नाही, पण माझ्या धाकट्या जावेनं रेडिओ बंद करू नये.

शेवटी आपल्या घरांबद्दल. जुन्या घरात कौलांच्या फटी होत्या, माळवदाला वर धूर जायला भोक होतं. धूर कोंडत नव्हता. आता घरकुलं झाली, वर स्लॅब आला, दारं घट्ट बसायला लागली. घर बदललं आणि चूल तीच राहिली. स्लॅबच्या खोलीत तीच चूल पहिल्यापेक्षा जास्त धोक्याची आहे. नवं घर बांधताना गवंड्याला तुम्ही स्वतः सांगा, घरधन्यावर सोडू नका. चुलीच्या वरच्या भिंतीत छताला लागून वीतभर लांब-रुंद झरोका आणि त्याच्या समोरच्या बाजूला दार किंवा खिडकी. खालून आत, वरून बाहेर. घर झालं असेल तर चार विटा काढून घ्यायला गवंड्याला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. आमच्या गटातल्या सात जणींनी मिळून एकच गवंडी लावला, मजुरी वाटून घेतली. पावसाची झड येते म्हणून झरोक्यावर बाहेरून पत्र्याची तिरकी पट्टी लावली. चिमण्या घरटं करतात, तेवढं अधूनमधून बघावं लागतं.

त्या झरोक्यात पोतं कोंबलेलं दिसलं तर मला फोन करा, मी येऊन काढून देईन.